राष्ट्रीय क्रीडा धोरण : लोकसहभाग आणि उच्चस्तरीय यश यांतील समतोल (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोणत्याही राष्ट्राच्या क्रीडा धोरणापुढे दोन उद्दिष्टे असतात. सर्वसामान्य नागरिकाला खेळण्याची संधी मिळावी हे पहिले आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत देशाला पदके मिळावीत हे दुसरे. ही उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत. तथापि ती आपोआप एकमेकांस पूरक ठरतात असेही नाही. निधी, मैदाने, प्रशिक्षक आणि वेळ ही साधने मर्यादित असल्याने त्यांची विभागणी कशी करावी हा धोरणाचा कळीचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात भारतातील क्रीडा धोरणाची वाटचाल, त्यामागील सैद्धांतिक भूमिका आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशातील त्यांचा प्रत्यक्ष परिणाम यांचा विचार केला आहे.

दोन सैद्धांतिक भूमिका

या विषयात दोन भूमिका प्रामुख्याने आढळतात. पहिली पिरॅमिडची कल्पना होय. पाया जितका रुंद तितके शिखर उंच, म्हणजेच खेळणाऱ्यांची संख्या वाढली की त्यांतून गुणवंत खेळाडू निर्माण होतात, असे ही भूमिका मानते. दुसरी भूमिका अनुकरणाची आहे. एखाद्या खेळाडूने पदक जिंकले की त्याच्या प्रेरणेने हजारो मुले मैदानाकडे वळतात, असे ती सांगते.

दोन्ही भूमिकांत तथ्यांश आहे, परंतु दोन्ही अपुऱ्या आहेत. ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्या देशास केवळ एक सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा निधी निवडक खेळ व खेळाडूंवर केंद्रित करण्यात आला आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकांची संख्या २९ वर गेली. मात्र सर्वसामान्य नागरिकांचा क्रीडासहभाग त्या प्रमाणात वाढला नाही. याउलट नॉर्वेने १९८७ मध्ये बालकांच्या क्रीडाहक्कांचे नियम स्वीकारले आणि लहान वयातील गुणतक्ते व क्रमवारी यांवर मर्यादा घातल्या. तरीही २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्या छोट्या देशाने ३९ पदके मिळवून अग्रस्थान पटकावले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाया आणि शिखर यांना जोडणारी मधली व्यवस्था असेल तरच एकाचा लाभ दुसऱ्यास मिळतो.

भारतीय धोरणाची वाटचाल

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने केंद्रात क्रीडा विभाग स्थापन झाला. १९८४ मध्ये पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरण जाहीर झाले आणि त्याच वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरण अस्तित्वात आले. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाने ‘खेळांचा पाया विस्तारणे’ आणि ‘उत्कृष्टता प्राप्त करणे’ अशी दोन उद्दिष्टे स्पष्टपणे मांडली. पाया विस्तारण्याची जबाबदारी मुख्यतः राज्यांची, तर उत्कृष्टतेकडे केंद्र सरकार, क्रीडा प्राधिकरण, भारतीय ऑलिम्पिक संघटना व राष्ट्रीय क्रीडा महासंघ यांनी लक्ष द्यावे, अशी विभागणी त्यात होती.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘क्रीडा’ हा विषय राज्यसूचीत असल्याने ही विभागणी स्वाभाविक होती. परंतु तिचा एक परिणाम दूरगामी ठरला. पाया एका यंत्रणेकडे आणि शिखर दुसऱ्या यंत्रणेकडे गेल्याने दोहोंना जोडणारा मधला टप्पा कोणाचीच निश्चित जबाबदारी राहिला नाही.

२००८ मध्ये ग्रामीण भागासाठी ‘पायका’ योजना आली. २०१४ मध्ये तिची जागा राजीव गांधी खेल अभियानाने घेतली आणि पुढे ‘खेलो इंडिया’ योजनेत तिचे विलीनीकरण झाले. उच्चस्तरीय खेळाडूंसाठी २०१४ मध्ये ‘टॉप्स’ योजना सुरू झाली, तर सर्वसामान्यांच्या तंदुरुस्तीसाठी २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ला मान्यता दिली. जागतिक उत्कृष्टता, आर्थिक विकास, सामाजिक विकास, लोकचळवळ आणि शिक्षणाशी सांगड हे तिचे पाच आधारस्तंभ आहेत. तिने २००१ च्या धोरणाची जागा घेतली असून २०३६ च्या ऑलिम्पिकचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. शिक्षणाला स्वतंत्र स्तंभाचे स्थान मिळाल्याने महाविद्यालयांचा या धोरणाशी थेट संबंध येतो.

महाराष्ट्राचा अनुभव

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवल्याची हकिगत सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रातील खेळाडूला पुढील वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. ते राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले आणि नंतर त्यांना मध्य रेल्वेत नोकरी मिळाली. म्हणजे येथे शाळेपासून ऑलिम्पिकपर्यंतची साखळी अस्तित्वात होती.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांचे उदाहरण वेगळे आहे. ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण अशी त्यांची कामगिरी आहे. पण त्यांच्यातील धावपटू शालेय वा महाविद्यालयीन स्पर्धांतून पुढे आला नाही. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले आणि महार रेजिमेंटमध्ये असताना, २०१५ च्या सुमारास, त्यांच्या स्पर्धात्मक धावण्यास सुरुवात झाली. गुणवत्ता तालुक्यातच होती. ती ओळखण्याचे काम सैन्यदलाने केले. जे सैन्यात गेले नाहीत त्यांच्यातील गुणवत्तेचे काय झाले, हा प्रश्न यातून उरतो.

मराठवाड्यातील स्थिती

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे क्रीडासुविधा नाहीत असे म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. राज्यात विभाग, जिल्हा व तालुका अशा तिन्ही स्तरांवर क्रीडा संकुले उभारण्याचे धोरणही आहे. दुसरीकडे, राज्याच्या क्रीडा विद्यापीठासाठी प्रारंभी शहराजवळील करोडीचा विचार झाला होता; मात्र २०२० मध्ये ते पुण्यातील बालेवाडी येथे स्थापण्याचा निर्णय झाला. बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या सुविधा आधीच होत्या. जेथे सुविधा आहेत तेथेच नव्या सुविधा जातात, हा उत्कृष्टताकेंद्री धोरणाचा एक स्वाभाविक परिणाम होय. प्रादेशिक समतोलाचा प्रश्न येथेच उद्भवतो.

तथापि सर्वांत मोठी उणीव इमारतींची नसून खेळण्याच्या संधींची आहे. शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीने घेतल्या जातात. या पद्धतीत पहिल्याच फेरीत निम्मे संघ बाहेर पडतात. सोळा संघांच्या स्पर्धेत आठ संघांना केवळ एक सामना मिळतो आणि आणखी चार संघांना दोनच. आष्टी किंवा भूम येथून पहाटे निघालेला संघ एक सामना हरून संध्याकाळी परततो आणि त्याचे क्रीडावर्ष तेथेच संपते. वर्षातून एकदा खेळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सहभागी’ म्हणणे कागदावर शक्य आहे. त्यातून पाया मात्र तयार होत नाही. शिवाय उशिरा बहरणाऱ्या खेळाडूला दुसरी संधीही मिळत नाही.

दुसरी अडचण प्रोत्साहनाच्या स्वरूपाची आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के आरक्षण यांमागील हेतू स्तुत्य आहे. परंतु लाभ प्रमाणपत्राशी जोडला गेल्याने काही ठिकाणी खेळापेक्षा प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरले. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची राज्यात उघडकीस आलेली प्रकरणे ही या विकृतीची खूण आहे. खऱ्या खेळाडूच्या हक्काची जागा त्यामुळे हिरावली जाते.

तिसरी अडचण मनुष्यबळाची आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण अपेक्षित आहे. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद उच्च प्राथमिक स्तरावर शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरतीच आहे. वाड्या-वस्त्यांवरील लहान शाळा तिच्या बाहेर राहतात. ज्या वयात धावणे, उडी मारणे, फेकणे या मूलभूत कौशल्यांची घडण होते, त्याच वयात मार्गदर्शक नसतो.

महाविद्यालयांची भूमिका

मधला टप्पा सक्षम करण्याचे काम महाविद्यालये मोठ्या खर्चाशिवाय करू शकतात. त्या दृष्टीने पुढील बाबी विचारात घेता येतील.

१. तालुक्यातील किंवा नजीकच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून साखळी पद्धतीने स्पर्धा घ्याव्यात. पाच संघांच्या साखळीत प्रत्येक संघास चार सामने निश्चित मिळतात.

२. जिमखाना विभागाच्या वार्षिक अहवालात विजयांसोबत नियमित खेळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या नोंदवावी. विद्यार्थिनींची संख्या स्वतंत्रपणे द्यावी. जे मोजले जात नाही ते नियोजनातही येत नाही.

३. नव्या अभ्यासक्रम आराखड्यातील सह-अभ्यासक्रमाची श्रेयांके केवळ लेखी कामावर न देता मैदानावरील नियमित उपस्थितीशी जोडावीत.

४. महाविद्यालयाचे मैदान सकाळ-संध्याकाळ परिसरातील शाळांना उपलब्ध करून द्यावे. गुणवान विद्यार्थी आढळल्यास शारीरिक शिक्षण संचालकांनी त्याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय व प्राधिकरणाच्या केंद्रास कळवावी.

५. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांसारख्या अल्पखर्चिक खेळांना प्राधान्य द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते.

समारोप

लोकसहभाग की पदक, अशी निवड करण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या मधल्या टप्प्याची जबाबदारी निश्चित करण्याची. पदकांची गणना सोपी असते. मैदानावर न पोहोचलेल्या मुलांची गणना कोणी करीत नाही. १९५२ मध्ये एका प्राचार्यांना खेळाडूसाठी घर गहाण ठेवावे लागले. आज शासकीय योजना व निधी उपलब्ध आहेत, त्यामुळे तेवढ्या त्यागाची अपेक्षा कोणाकडून नाही. मात्र हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना मिळावा इतकी व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. मांडव्याच्या पुढील धावपटूला ओळखण्यासाठी सैन्यभरतीपर्यंत थांबावे लागू नये, हीच मराठवाड्यापुरती या धोरणाच्या यशाची कसोटी मानता येईल.