दाबमापकाचे शून्य खरे आहे ना?



सावदा, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यात ठिबक आता नवे राहिलेले नाही. नवे आहे ते त्यावर बसणारे यंत्र. पूर्वी गाळण टाकीजवळच्या दाबमापकाचा काटा पाहायला मळ्यात जावे लागे. आता काही बागांत दाब मोजणारे सेन्सर तारेने एका पेटीला जोडतात आणि आकडा घरबसल्या मोबाईलवर दिसतो. सोय उत्तम आहे. पण आलेला प्रत्येक आकडा खरा असतोच असे नाही.

चुकीच्या आकड्याने काय होते ते पाहा. गाळण टाकीच्या आधी १.८ किलो आणि नंतर १.२ किलो दाब आहे, म्हणजे फरक ०.६ किलो. टाकी तुंबली आहे, उलटे पाणी सोडून ती धुतली पाहिजे. पण पुढचा सेन्सर ०.३ किलो जास्त दाखवत असेल, तर मोबाईलवर फरक ०.३ च दिसेल आणि तुम्ही निर्धास्त राहाल. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. अशा वेळी शेवटच्या ओळींतील झाडे तहानलेली राहिली, तर नुकसान घडात दिसते.

एकाच तारेवर अनेक सेन्सर असतात. म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. शाळेत गुरुजी हजेरी घेतात तशी पेटी एकेकाला पुकारते आणि ज्याचा क्रमांक तोच उत्तर देतो. १९७९ साली निघालेली मॉडबस ही पद्धत अशीच चालते. दोघांना एकच क्रमांक दिला तर दोघे एकदम बोलतात आणि उत्तराचा गोंधळ होतो. नवा सेन्सर बसवताना हे आधी पाहावे.

दुसऱ्या एका प्रकारात सेन्सर विजेच्या प्रवाहाने उत्तर देतो. दाब नसताना ४ मिलिअँपिअर, पूर्ण दाबाला २०. प्रवाह शून्यावर आला, तर दाब गेला असे समजू नका. तार तुटली आहे का ते आधी पाहा.

आता तपासणी. पंप बंद करून सेन्सर नळीतून मोकळा करा. नुसता पंप बंद करून भागत नाही; उंचावरच्या नळीत पाणी उभे असले तर दाब राहतोच. मोकळ्या हवेत आकडा शून्य आला पाहिजे. काही सेन्सर हवेच्या दाबासकट मोजतात. ते तेव्हाही एक किलोच्या आसपास दाखवतात. तो दोष नव्हे. आपला सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते माहितीपत्रकात पाहून घ्या.

मग दुसरी कसोटी. १० मीटर उंच उभ्या पाण्याचा दाब १ किलो असतो. पाण्याच्या उंच टाकीवरून साधी नळी खाली आणून सेन्सरला जोडा. नळीत हवा राहू देऊ नका. टाकीतील पाण्याच्या पातळीपासून सेन्सरपर्यंतची उभी उंची टेपने मोजा. उंची ८ मीटर असेल तर ०.८ किलो दिसले पाहिजे. नळी वाकडी गेली तरी हरकत नाही, उंचीच धरायची.

फरक निघाला तर आधी शून्य जुळवा, मग वरचा आकडा. शून्याचा हुकूम पंप चालू असताना कधीही देऊ नका. त्या वेळचा दीड किलो दाबच यंत्र शून्य मानील आणि पुढचा प्रत्येक आकडा दीड किलोने कमी येईल. शिवाय ‘हुकूम मिळाला’ असे उत्तर आले म्हणजे काम झाले असे नव्हे. पुन्हा दाब विचारा आणि नवा आकडा पाहा.

तारीख, सेन्सरचा क्रमांक, जुना आकडा आणि नवा आकडा वहीत लिहा. घरातील शिकत्या मुला-मुलींवर हे काम सोपवा. मृगबाग असो की कांदेबाग, लागवडीआधी एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा अशी तपासणी करावी. टेप, नळी आणि तासाभराची सवड, एवढेच त्याला लागते.