कामोठे ते निजामपूर: जुन्या गाड्यांचा एक दिवस

पहाटे 4. गॅरेजचं शटर अर्धंच वर करतो, वरच्या मजल्यांवर माणसं झोपलेली असतात. 26 जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि चार दिवसांची सफर ठरली: कामोठ्याहून निघून रायगडाच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून, होईल तेवढं कच्च्या वाटांनी, वरंध घाटापर्यंत आणि परत. गाड्या आठ. दोन येझदी रोडकिंग, एक जावा, तीन कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट, एक राजदूत आणि एक आरएक्स 100. त्यातली एक रोडकिंग माझी. मी मेकॅनिक, म्हणून माझी जागा सगळ्यांच्या मागे.

पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी पुन्हा उघडून बघतो. कंडेन्सर, पॉईंटचे सेट, प्लग, क्लच वायर, चेन लॉक, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, तांब्याची तार, एम-सील. जुन्या गाडीचा स्पेअर वाटेत मिळत नाही. जो बरोबर आहे तोच आपला.

5 वाजता मंडळी जमतात. गल्लीत गाडी चालू करायची नाही, हायवेच्या बाजूला ढकलत न्यायची, हा आमचा नियम आहे आणि तो सगळे मनापासून पाळतात. बुलेटवाल्या काकांची किक बघण्यासारखी असते. आधी किक हळूहळू दाबत न्यायची, अँमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प्रेसर धरून किक जरा पुढे सरकवायची आणि मग एकच, पूर्ण. जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. तिन्ही बुलेट पहिल्या-दुसऱ्या किकला बोलतात. टू-स्ट्रोकवाल्यांपैकी येझदी, जावा आणि राजदूतवाले तोवर पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेतात, लिटरला 40 मिली. जास्त घालून धूर काढण्यात भूषण नाही. प्लगही भरतो आणि मागच्याचे डोळेही.

6 ते 9 सगळा डांबरी रस्ता. कळंबोली, पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ. वेग 45 ते 50, कारण गटाचा वेग सर्वांत जुन्या इंजिनाने ठरवायचा असतो. फाट्यावर प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. एवढं केलं की फोनाफोनी लागत नाही. नागोठण्याच्या पुढे एका शाळेत झेंडावंदन चालू होतं. इंजिनं बंद करून, हेल्मेट काढून उभे राहिलो. मग वाकण फाट्याहून पाली, बल्लाळेश्वराचं दर्शन आणि मिसळ.

11 च्या सुमारास रवाळजे, विळे करत निजामपूरच्या बाजूला पोचलो आणि डांबर सोडलं. इथून खरी सफर. लाल माती, सुटे धोंडे, बैलगाडीच्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना भात काढलेल्या खाचरांत ओलीवर पेरलेला वाल उभा. शेतात एकही चाक जाता कामा नये, हे निघण्याआधी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलेलं असतं. वाट बुजली असेल तर उतरायचं, घरात विचारायचं, मगच पुढे.

लोक म्हणतात, एवढ्या जुन्या गाड्या अशा रस्त्यावर कशाला घालता? मला हा प्रश्न उलटा वाटतो. या गाड्या अशाच रस्त्यांवर राबल्या आहेत. मद्रासला 1955 मध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली ती लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी गाडी हवी होती म्हणून. रुस्तम आणि फारुख इराणींच्या आयडियल जावाने 1961 पासून 1996 पर्यंत म्हैसूरला जावा आणि मग येझदी बनवल्या. एस्कॉर्ट्सची राजदूत मूळच्या पोलिश एसएचएल गाडीवरून घेतलेली. दूधवाले, डॉक्टर, ग्रामसेवक, तलाठी यांनी ती खेडोपाडी चालवली. तेव्हा गावाला जाणारा रस्ता बहुतेक ठिकाणी असाच होता. आज ज्याला आपण ऑफ-रोड म्हणून सुट्टी काढून जातो, ती तेव्हाची कामावर जायची वाट होती. गाडी नुसती पुसून पार्किंगमध्ये उभी ठेवली की रबर कडक होतं, टाकीला आतून गंज धरतो, कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. चालती गाडीच टिकते.

साडेबाराला जावा बंद पडली. ती चालवणारी ताई शाळेत शिकवते, गाडी वडिलांची. सकाळी थंडीत नीट, तापली की मिसिंग, मग बंद, दहा मिनिटं निवली की पुन्हा चालू. हे ऐकलं की माझं अर्धं काम झालेलं असतं. तरी प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारून बघितली. करंट बारीक, तांबूस. चांगला करंट जाड आणि निळा पडतो. उजवीकडचं कव्हर काढून पॉईंट बघितले तर तिथे पिवळ्या ठिणग्या उडत होत्या आणि तोंडं जळालेली. कंडेन्सर गेला होता.

नवा कंडेन्सर मी लावला. पॉईंट मात्र तिला लावायला सांगितले. झीरो पेपरने तोंडं घासली, पेट्रोलच्या फडक्याने पुसली. चाक फिरवत पॉईंट पूर्ण उघडेपर्यंत आणले आणि फिलर गेजची 0.4 मिलिमीटरची पट्टी मधे घातली.

“काका, घट्ट जातेय.”

“थोडं सैल कर. घासून निघाली पाहिजे, अडकायला नको आणि सुळकन सुटायलाही नको.”

तिने स्क्रू आवळला आणि हात झटकले.

“परत बघ. आवळताना गॅप सरकतो.”

सरकला होता. तिसऱ्यांदा जमलं. मग पायाखालची दांडी आत दाबून वर फिरवली. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीत असतात. दुसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सर एका सुरात वाजले. या सगळ्यात तास गेला आणि कोणीही घाई केली नाही. दुपारचं जेवण तिथेच आंब्याखाली, डब्यातली भाकरी आणि सुकट.

3 नंतर उतार आणि ओढे. पाणी घोट्याएवढंच, पण ड्रम ब्रेकला तेवढंही पुरतं. बाहेर आल्यावर ब्रेक हलका धरून थोडं अंतर काढायचं, लायनर सुकले की मगच वेग. टू-स्ट्रोकवाल्यांना उतारावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्यांतल्या बहुतेकांचं ऑइल पेट्रोलबरोबर येतं. थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरलं तर पेट्रोल कमी आणि ऑइलही कमी, मग पिस्टन जॅम व्हायची भीती. म्हणून मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल द्यायचा. नवीन माणसाला हे मी आधी सांगतो, मगच उतारावर सोडतो.

5 वाजता मुक्कामाच्या वाडीत पोचलो. राजदूत स्टँडवर लागताच एक म्हातारबाबा काठी टेकत आले, टाकीवरून हात फिरवला.

“आमच्याकडं तलाठी याच गाडीवर यायचे. पावसात गाडी नदीपल्याड ठेवायची नि पुढं चालत.”

राजदूतवाल्याने त्यांना बसवून अंगणात फेरी मारली. ही राजदूत त्याला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये भंगारात जाण्याच्या बेतात मिळाली होती.

अंधार पडायच्या आत प्रत्येकाने आपली गाडी तपासायची. स्पोक वाजवून बघायचे, सैल स्पोकचा आवाज बोदा येतो. नट आवळायचे, चेनला ऑइल, एअर फिल्टर झटकायचा. मी फक्त फिरून बघतो. 8 वाजता पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, चिकन, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. जेवताना कागदपत्रांचा विषय निघालाच. 50 वर्षांवरच्या गाडीची 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण मग ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच. म्हणून आम्ही सगळे साधी नोंदणीच चालू ठेवतो: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय विमा आणि पीयूसी.

10 वाजता दिवे बंद. उद्या वरंध.

कामोठ्यात, खांदेश्वरात, कळंबोलीत कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी आहे. तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी आरसी बुक शोधा. जुनं पेट्रोल काढून टाका, प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि किक हाताने हळू फिरवून बघा. इंजिन फिरलं, तर ती गाडी अजून रस्त्यावर येऊ शकते. नोंदणीचं काम कळंबोलीच्या आरटीओत होतं.