घोरपडीचे युद्धस्मारक आणि हेलिकॉप्टरचे वैमानिक

पुणे कॅम्पात घोरपडीच्या बाजूस असलेले दक्षिण कमानचे राष्ट्रीय युद्धस्मारक 15 ऑगस्ट 1998 रोजी खुले झाले. 1 एप्रिल 1895 पासून दक्षिण कमानचे मुख्यालय असलेल्या या शहरात लष्करी खुणांची वाण कधीच नव्हती. तथापि स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांसाठी नागरिकांनी वर्गणी काढून उभारलेले स्मारक म्हणून या जागेचे महत्त्व वेगळे आहे.

आवारात गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावरील कारवाईत उतरलेल्या ‘आयएनएस त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे; मात्र पाहणाऱ्याची नजर बहुधा मिग-23 बीएन या लढाऊ विमानावर खिळते. वेगानुसार पुढेमागे वळवता येणारे पंख आणि वैमानिकाला खालचे लक्ष्य नीट दिसावे म्हणून पुढे उतरते केलेले नाक ही या विमानाची खास लक्षणे होत. 1999 च्या कारगिल युद्धातील हवाई मोहिमेत, म्हणजे ‘ऑपरेशन सफेद सागर’मध्ये, या जातीच्या विमानांनी भाग घेतला आणि 2009 मध्ये ती हवाई दलातून निवृत्त झाली.

त्याच मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी, 28 मे 1999 रोजी, तोलोलिंगच्या शिखरावरील घुसखोरांच्या ठाण्यांवर अग्निबाण सोडण्यासाठी गेलेल्या एमआय-17 हेलिकॉप्टरांपैकी एक परतले नाही. एमआय-17 मूलतः सैनिक आणि सामान वाहणारे यंत्र असून अग्निबाणांच्या नळ्या बसवून त्याला हल्ल्यासाठी सज्ज केले जाते. साडेचार हजार मीटरच्या आसपास हवा विरळ असते, त्यामुळे पात्यांना मिळणारी उचल घटते आणि आधीच मंद असलेले हे वाहन अधिकच जखडले जाते. त्याला टिपणारे, खांद्यावरून डागले जाणारे स्टिंगर क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढते. त्याला चकवण्यासाठी फ्लेअर, म्हणजे हवेत सोडायच्या जळत्या गोळ्या, वापरतात आणि नेमकी हीच सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन आणि सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद व आर. के. साहू या चौघांना वीरमरण आले. त्यानंतर एमआय-17 ला त्या शिखरांवरील हल्ल्याच्या कामातून बाजूला काढण्यात आले. हा धडा चार जिवांचे मोल देऊन शिकावा लागला, हे म्हणणे कठोर वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळची, आणि अधिक अवघड, स्मृती नाशिकच्या स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांची आहे. बालाकोट हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 27 फेब्रुवारी 2019 रोजी, सीमेवर दोन्ही देशांची विमाने समोरासमोर आलेली असताना श्रीनगरहून उडालेले त्यांचे एमआय-17 व्ही-5 हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. त्यातील सहाही जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. हेलिकॉप्टरला आपल्याच क्षेपणास्त्राने टिपले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. मांडवगणे यांना मरणोत्तर वायुसेना पदक देण्यात आले. स्वकीयांच्या माऱ्यात आलेल्या मृत्यूचा उल्लेख स्मरणसभांतून बहुधा दबक्या आवाजात होतो. वास्तविक, ऐन धुमश्चक्रीत उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचे कर्तव्य क्षेपणास्त्र कोणाचे होते यावरून कमीजास्त ठरत नाही.

लढाऊ विमानाचा वैमानिक लोकांच्या कल्पनेत सहज घर करतो, तर रसद पोहोचवणारा, जखमींना उचलून आणणारा हेलिकॉप्टरचा वैमानिक बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात उरतो. युद्धस्मारकांनाही हा पक्षपात टाळणे सोपे नसते, कारण प्रेक्षणीय वस्तू आवारात मांडता येते आणि सेवेचे स्वरूप मात्र शब्दांतच सांगावे लागते. 26 जुलैच्या कारगिल विजय दिनी आणि 16 डिसेंबरच्या विजय दिनी घोरपडीच्या या स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. त्या निमित्ताने मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मिगची ओळख करून देताना तोलोलिंग आणि बडगामच्या हेलिकॉप्टरांचीही हकिकत सांगावी, आणि बडगामची हकिकत सांगताना काही गाळू नये.