डबल हॉप: वाटेत नाव कुठे गळून पडतं?

एका कंपनीत दोन डेटाबेस सर्व्हर आहेत असं धरू. एकावर विक्रीचे व्यवहार, दुसऱ्यावर गोदामातला माल. दोन्हीवर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर चालतो, आणि पहिल्यावर दुसरा ‘लिंक्ड सर्व्हर’ म्हणून जोडलेला आहे, म्हणजे एकाच क्वेरीत दोन्हीकडचे आकडे मागता येतात. डेटाबेस सांभाळणारी मुलगी रिमोट डेस्कटॉपने पहिल्या सर्व्हरवर शिरते, क्वेरी चालवते, आकडे येतात. मग स्वतःच्या लॅपटॉपवरून, त्याच लॉगिनने, त्याच पहिल्या सर्व्हरला जोडून तीच क्वेरी चालवते. आता मात्र त्रुटी क्रमांक १८४५६: ‘लॉगिन फेल्ड फॉर यूजर एनटी ऑथॉरिटी ॲनॉनिमस लॉगऑन’.

ॲनॉनिमस? पासवर्ड बरोबर, परवानग्या शाबूत, नेटवर्क चालू. ती तर नावागावासकट आली होती. मग हा अनामिक मध्येच कुठून उपटला?

खरं तर ही त्रुटी वाचून आधी हायसं वाटायला हवं, कारण निरोप जवळजवळ शेवटपर्यंत पोहोचलाय. कनेक्शनची प्रत्येक त्रुटी काय बिघडलं याइतकंच कुठपर्यंत पोहोचलो तेही सांगत असते. सगळ्यात अलीकडच्या टप्प्यावर फसलेला निरोप क्रमांक ५३ घेऊन येतो: वाटच सापडली नाही, बहुतेक वेळा नावावरून पत्ताच लागला नाही. पत्ता लागला की १४३३ क्रमांकाच्या पोर्टवर टीसीपीची पहिली टकटक होते. तिथे त्रुटी १००६१ आली तर समोरच्या यंत्राने स्पष्ट नकार दिलाय. यंत्र जागं आहे, तिथवरचा रस्ता मोकळा आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. १००६० आली तर नुसती शांतता. टकटक वाटेतच कुणीतरी गिळली, आणि हा गिळणारा बहुधा फायरवॉल असतो. शांततेची किंमत वेळेत मोजावी लागते. जुन्या विंडोजमध्ये पहिल्या टकटकीनंतर ३ सेकंद वाट, मग पुन्हा टकटक करून ६ सेकंद, मग १२, आणि एकूण २१ सेकंदांनी हार. लिनक्स जास्त चिवट: एका सेकंदापासून दुप्पट-दुप्पट करत १२७ सेकंद वाट पाहतो. त्यामुळे अनुभवी माणूस त्रुटीचा मजकूर वाचण्याआधीच ती किती वेळाने आली ते पाहतो. चटकन आलेला नकार ही चांगली बातमी असते.

एकाच यंत्रावर एसक्यूएल सर्व्हरच्या अनेक प्रती असतील तर आणखी एक पायरी वाढते. कुठली प्रत कुठल्या पोर्टवर आहे हे यूडीपी १४३४ वर विचारावं लागतं. अनेक फायरवॉलवर हा पोर्ट कडेकोट बंद असतो, आणि त्यामागे इतिहास आहे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा कृमी याच दारातून घुसला. त्याचा सगळा ऐवज ३७६ बाइट, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा त्याहून मोठा आहे. यूडीपीला टकटकीची गरज नसते, एक पाकीट फेकलं की काम झालं. त्यामुळे बाधित यंत्रांची संख्या सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत गेली, आणि दहाच मिनिटांत जगातल्या बाधण्याजोग्या सर्व्हरपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्याच्या तावडीत सापडले. त्यावरचा पॅच सहा महिन्यांपूर्वीच, जुलै २००२ मध्ये आलेला होता!

दार उघडल्यावर ओळखीचा प्रश्न येतो, आणि इथे सर्व्हर चक्क हातचं राखून बोलतो. १८४५६ या त्रुटीला एक ‘स्टेट’ क्रमांक जोडलेला असतो, आणि बाहेरच्याला तो नेहमी १ दिसतो. खरा क्रमांक सर्व्हर स्वतःच्या एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो: ५ म्हणजे असा यूजरच नाही, ८ म्हणजे यूजर आहे पण पासवर्ड चुकला. हा फरक बाहेर सांगितला तर घुसखोराला निम्मं उत्तर फुकटात मिळेल. म्हणून १८४५६ चा शोध ज्याने नकार दिला त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये घ्यायचा असतो. लॅपटॉपच्या पडद्याकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही.

आता अनामिकाकडे वळू. विंडोजमध्ये ओळख पटवण्याच्या दोन रीती नांदतात. जुनी एनटीएलएम. तिच्यात सर्व्हर आठ बाइटांचा एक यदृच्छ आकडा पाठवतो, लॅपटॉप पासवर्डपासून बनवलेल्या गुप्त किल्लीने त्यावर प्रक्रिया करून उत्तर धाडतो, आणि उत्तर बरोबर आहे का हे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कंपनीतली सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर, सांगतो. यातली खुबी अशी की सर्व्हरच्या हाती ना पासवर्ड लागतो, ना किल्ली. त्याला फक्त ‘हो, हीच ती’ एवढं कळतं. आणि नेमकी हीच खुबी पुढे आडवी येते. सोसायटीच्या वॉचमनने तुमचा चेहरा पाहून तुम्हाला आत सोडलं, तरी तो चेहरा घेऊन त्याला शेजारच्या सोसायटीत शिरता येत नाही. पहिला सर्व्हर तिच्या वतीने गोदामाच्या सर्व्हरकडे जातो, तिथे नवा आकडा समोर येतो, आणि उत्तर द्यायला याच्याजवळ काहीच नसतं. रिकाम्या हाताने गेलेल्याची नोंद तिथे होते ‘ॲनॉनिमस’. डेटाबेस सांभाळणारी मंडळी यालाच डबल हॉप म्हणतात. रिमोट डेस्कटॉपवर तिने पासवर्ड खुद्द पहिल्या सर्व्हरवर टाईप केला होता, म्हणून तिथून गोदामापर्यंत एकच हॉप होता.

म्हणजे काही मोडलेलंच नाही! पहिला सर्व्हर तिची तोतयेगिरी करू शकत नाही, इतकंच. मला तर ही अडचण सुरक्षाव्यवस्था धड चालू असल्याची पावती वाटते.

तोतयेगिरीशिवाय दुसऱ्याच्या वतीने जायचं कसं, यावर तोडगा निघाला तो दुसऱ्या रीतीतून. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकल श्रोडर यांनी मांडलेल्या एका प्रोटोकॉलमध्ये तिचं मूळ आहे. ओळख पटवण्यासाठी दोघांचाही विश्वास असलेला एक तिसरा गृहीत धरायचा, ही त्यातली कल्पना. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको यांनी त्यातली फट दाखवली: जुनी किल्ली हाती लागली तर जुनेच निरोप पुन्हा वापरता येतील. उपाय सुचवला निरोपावर वेळेचा शिक्का मारण्याचा. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘अथेना’ प्रकल्पात याच पायावर कर्बेरॉस उभं राहिलं. नाव ग्रीक पुराणातल्या, पाताळाच्या दारावरच्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये त्याची रचना समजावली तीही चार प्रवेशांच्या संवादातून. अथेना एकेक युक्ती सुचवते आणि युरिपिडीस तिच्यात भोकं पाडत जातो. संगणकाच्या कागदपत्रांत इतकी रंगत क्वचितच असते.

कर्बेरॉसमध्ये सकाळी लॉगिन करताना डोमेन कंट्रोलर एक तिकीट देतो, विंडोजमध्ये सहसा १० तास चालणारं. ते दाखवून लॅपटॉप विक्रीच्या सर्व्हरसाठी वेगळं तिकीट मागतो. हे दुसरं तिकीट त्या सर्व्हरच्या किल्लीने बंद केलेलं असतं, म्हणजे लॅपटॉप ते नुसतं वाहून नेतो, त्याला उघडता येत नाही. सर्व्हर ते उघडतो आणि आतलं नाव मानतो. आपल्या भेटीच्या पुराव्यादाखल हे तिकीट त्याला पुढे कंट्रोलरला दाखवता येतं: ‘हिच्या नावाने मला गोदामाचं तिकीट द्या’. परवानगी नोंदवलेली असेल तर ते मिळतं. विंडोज २००० मध्ये ही सवलत फार सैल होती. सर्व्हरच्या हाती तिचं मूळ तिकीटच पडायचं आणि तो तिच्या नावाने कुठेही फिरू शकायचा. २००३ च्या आवृत्तीपासून कुठल्या दारापर्यंत जायचं याची यादी ठरवता येऊ लागली. आणि डेनिंग-साको यांचा तो वेळेचा शिक्का अजून जिवंत आहे: दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर ओळख नाकारली जाते. डेटाबेस चालेना म्हणून घड्याळ तपासणारा माणूस वेडा नसतो.

तिकीट मागताना सेवेचं नोंदणीकृत नाव लागतं, ज्याला एसपीएन म्हणतात. खरी मेख तिथे आहे. हे नाव कुठेच नोंदलेलं नसेल तर विंडोज गुपचूप एनटीएलएमवर उतरतो. पहिला हॉप बिनबोभाट पार पडतो, कुणाला पत्ता लागत नाही, आणि दुसऱ्या हॉपवर अनामिक प्रकटतो. नाव चुकीच्या खात्यावर असेल, समजा एसक्यूएल सर्व्हर चालवणारं खातं बदललं आणि जुनी नोंद तशीच राहिली, तर मात्र पहिल्याच दारात ‘कॅनॉट जनरेट एसएसपीआय कॉन्टेक्स्ट’ अशी बोंब उठते. कारण तिकीट जुन्या खात्याच्या किल्लीने बंद झालेलं असतं. मला विचाराल तर ही बोंब परवडली.

निदान त्या मानाने सोपं आहे. लॅपटॉपवरून पहिल्या सर्व्हरला जोडून ‘सिस डॉट डीएम एक्झेक कनेक्शन्स’मधला ‘ऑथ स्कीम’ हा रकाना पाहायचा. आपल्या कनेक्शनसमोर एनटीएलएम दिसलं की एसपीएन तपासायचा. कर्बेरॉस दिसलं की पुढची परवानगी. दुरुस्तीनंतर मात्र नव्याने लॉगिन करावं, कारण आधीच उघडी असलेली कनेक्शनं जुन्याच रीतीने चालत राहतात. अनेक ठिकाणी हा सगळा खटाटोप टाळून लिंक्ड सर्व्हरमध्ये एकच ठरावीक लॉगिन कोंबतात, पुष्कळदा सर्वाधिकारी ‘एसए’च. त्रुटी जाते खरी, पण मग गोदामाच्या सर्व्हरला शिकाऊ कारकून आणि मुख्य हिशेबनीस यांतला फरकच कळत नाही. अनामिकाने निदान आपण अनामिक असल्याचं कबूल तरी केलं होतं.

एवढं जमल्यावरही एक गंमत उरते. आकडे वाचता येतात, पण तेच काम ‘बिगिन ट्रान’च्या आत घालून दोन्हीकडे एकदम बदल करायला जावं तर ७३९१ क्रमांकाची त्रुटी येते. दोन्ही सर्व्हरवर बदल एक तर पूर्ण व्हावा नाही तर मुळीच होऊ नये, यासाठी दोन यंत्रांतल्या समन्वयकांची आपसात बोलणी व्हावी लागतात. त्यासाठी दुसऱ्यालाही पहिल्याचा पत्ता नावावरून शोधता यायला हवा, आणि १३५ च्या पोर्टपासून ४९१५२ च्या वरच्या बदलत्या पोर्टांपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी मोकळी हवी. बहुतेक जण पहिल्याकडून दुसऱ्याला पिंग करतात आणि समाधानाने उठतात. पिंग दुसऱ्यावर बसूनही करून पाहावं, आणि तेही आयपी पत्ता न देता, नाव टाईप करून.