मोठ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज : अकराचे तेरा कसे होतात

सोलापुरात मोठी गाडी हौसेइतकीच गरजेपोटी घेतली जाते. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर ही देवस्थाने एक-दोन तासांच्या अंतरावर. घरात आजी-आजोबा, भावाची मुले, शिवाय पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेले कोणी ना कोणी असतेच. सात माणसे आणि त्यांच्या पिशव्या एकाच गाडीत मावल्या पाहिजेत, म्हणून स्कॉर्पिओ, इनोव्हा, सफारी किंवा एक्सयूव्ही दारात येते. मग कोणी भेटले की पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते?" उत्तर बहुधा अकरा-बारा येते. "मोठी गाडी म्हटल्यावर पिणारच," असे म्हणून विषय तिथेच मिटतो.

तो मिटू नये, कारण मोठ्या गाडीतच सुधारणेला सर्वांत जास्त वाव आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ११ किलोमीटर देत असेल तर सुमारे १,३६५ लिटर डिझेल लागते. १३ देऊ लागली तर १,१५५ लिटर. म्हणजे २१० लिटर वाचले. तेवढ्याच अंतरासाठी छोट्या गाडीचे अ‍ॅव्हरेज २० वरून २२ वर नेले तर ७० लिटरसुद्धा वाचत नाहीत. वाढ दोन्हीकडे दोनाचीच, बचत मात्र तिप्पट.

आधी नीट मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा चढाच असतो. खरा हिशेब टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल आपोआप बंद पडले की थांबायचे, वरून "अजून थोडे बसते का बघा" म्हणायचे नाही. किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसेच भरायचे आणि झालेल्या किलोमीटरना लागलेल्या लिटरने भागायचे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार टाक्यांची सरासरी धरावी.

कंपनीच्या आकड्याशी तुलना करून मात्र कष्टी होऊ नका. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे प्रमाणपत्र ज्या चाचणीवर मिळते, ती गाडी रोलरवर उभी करून घेतात. जेमतेम अकरा किलोमीटरची धाव, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास, कमाल वेग ९०, एसी बंद. त्यात ना मे महिन्याचे ऊन, ना घाट, ना मागच्या सीटवरची पाच माणसे. आपली तुलना आपल्याच गाडीच्या गेल्या महिन्याशी करावी.

पुणे रस्ता आणि वाऱ्याचा हिशेब

सगळ्यात जास्त डिझेल कुठे जात असेल तर ते महामार्गावरच्या वेगात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. ८० वरून १२० वर गेलात की सव्वादोनपट. छोट्या, सपाट गाडीला हे जरा कमी जाणवते. मोठ्या गाडीचे तोंड उंच आणि रुंद, त्यामुळे शंभराच्या वेगाला इंजिनाची निम्म्याहून अधिक ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते.

सोलापूर-पुणे अंतर साधारण २५० किलोमीटर. सलग १०० ने गेलात तर अडीच तास, ८० ने गेलात तर तीन तास सात-आठ मिनिटे. हा सदतीस मिनिटांचा फरक कागदावरचा. प्रत्यक्षात सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे टोलनाके, भिगवणचा चहा आणि हडपसरची गर्दी दोघांनाही सारखीच. तिथे आधी पोहोचलेला बराचसा वेळ थांबण्यातच घालवतो. माझ्या मते सपाट चौपदरी रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ८० ते ९० हा कुटुंबाच्या गाडीचा योग्य वेग आहे. क्रूझ कंट्रोल असेल तर रस्ता मोकळा असताना जरूर लावा. पाय नकळत खाली जातो, यंत्राचा जात नाही.

आता वाऱ्याचे. जून ते ऑगस्ट आपल्याकडे पाऊस कमी आणि पश्चिमेचा वारा जास्त. पुण्याकडे जाताना हा वारा तोंडावर येतो. वाऱ्याचा वेग ताशी २० असेल आणि तुम्ही ८० ने जात असाल, तर हवेच्या दृष्टीने गाडी शंभरावरच आहे. परतताना तोच वारा पाठीशी. त्यात पुणे सोलापूरपेक्षा साधारण शंभर मीटर उंचावर. म्हणून जातानाचे अ‍ॅव्हरेज बघून गाडीला नावे ठेवू नयेत आणि येतानाचे बघून शेजाऱ्याला सांगत सुटू नये. जाऊन-येऊन मिळून काय पडले ते धरावे.

ऊसतोडीच्या हंगामात या रस्त्याला आणखी एक बाजू असते. दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर भागात पावलोपावली भेटतात. अंधारात ते जवळ गेल्यावरच दिसतात, हा जिवाशी खेळ आहे, तेव्हा वेग कमी ठेवण्याचे पहिले कारण तेच. डिझेलचे कारण दुसरे. माणसांसह सव्वादोन टनांची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ९० वर न्यायला ५०-६० मिलिलिटर डिझेल फक्त वेग घेण्यातच जाते. ब्रेक दाबला की ती सगळी मेहनत चाकांजवळ उष्णता होऊन विरते. लांबवर ट्रॉली दिसताच पाय अलगद उचलला तर ब्रेकची वेळच येत नाही.

टपावरचे कॅरिअर

लग्नाच्या वेळी किंवा बालाजीला जाताना बसवलेले कॅरिअर पुढे वर्षभर टपावर तसेच राहते. रिकामे कॅरिअरही हवा अडवते. टपावर मोठी पेटी ठेवली तर महामार्गावर अ‍ॅव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी घटते, असे अमेरिकी सरकारची इंधनविषयक माहिती सांगते. त्याच माहितीनुसार ४५ किलो जादा वजनाने एकच टक्का फरक पडतो, आणि मोठ्या गाडीत तर त्याहूनही कमी. म्हणजे डिकीतल्या सामानाची फार काळजी नको, टपावरच्या सामानाची करा. बॅगा आत मावत असतील तर आतच ठेवा आणि काम झाले की कॅरिअर उतरवा. चार बोल्टचे काम असते.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दलही हेच. अ‍ॅव्हरेजचे नुकसान त्यात कमी आहे, पण एअरबॅगच्या कामात तो अडथळा ठरू शकतो आणि धडक बसलेल्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले आहे. काढून टाका.

हवा

ड्रायव्हरचे दार उघडा. खांबाच्या खालच्या बाजूला एक स्टिकर दिसेल. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. मागच्या चाकांचा भरलेल्या गाडीचा आकडा बऱ्याचदा चांगलाच मोठा असतो. पंपावरचा मुलगा "किती टाकू?" विचारतो आणि आपण सवयीने "तेहतीस" म्हणून मोकळे होतो. सात जण घेऊन पंढरपूरला निघताना स्टिकरवरचा दुसरा आकडा सांगायचा.

हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे सकाळी आणि घराजवळच्या पंपावर. तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. मे महिन्याच्या दुपारी टायर तापलेले असताना हवा जास्त दिसते, म्हणून कमी करून घेतली तर रात्री टायर कमी हवेवर राहतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. आपल्याकडच्या उन्हात टायर फुटायचे ते एक मोठे कारण आहे. पंधरा दिवसांतून एकदा हवा बघावी. अलाइनमेंटही मधूनमधून.

गावातल्या गावात

जुळे सोलापुरातून नवी पेठेत भाजीला, सात रस्त्यावरून मुलांना शाळेत, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांना मोठी डिझेल गाडी काढणे हे सर्वांत महागडे काम. इंजिन गरम व्हायच्या आतच फेरी संपते आणि थंड इंजिन जास्त पिते. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ही काजळी जाळायला धूर चांगला गरम व्हावा लागतो, त्यासाठी इंजिन जादा डिझेल वापरते. गावातल्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, डिझेल जाते आणि शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास महामार्गावर एकसारख्या वेगाने गाडी चालवली की हा त्रास टळतो. गावातल्या कामाला स्कूटर काढावी, हे उत्तम.

कार्यालयाबाहेर एसी लावून इंजिन चालू ठेवायची सवयही सोडा. मोठे इंजिन उभ्या उभ्या तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल खाते.

उन्हाळा आणि एसी

बेचाळीस अंशांत एसी लावू नका, असे मी सांगणार नाही. आजी-आजोबा आणि लहान मुले गाडीत असताना तर नाहीच. उन्हात उभी गाडी आधी चारही दारे उघडून मिनिटभर मोकळी करा, मग एसी लावा आणि गाडी थंड झाली की आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबा. मागे कोणी नसेल तर मागचा ब्लोअर बंद. महामार्गावर काचा उघड्या ठेवून वाटते तेवढी बचत होत नाही. तिथे वाऱ्याचा विरोध वाढतो.

तुळजापूरचा घाट आणि न्यूट्रल

उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनही बंद करायचे, ही जुन्या जीपच्या काळातली सवय अजून टिकून आहे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ शून्य होतो, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने बचत नाहीच, उलट खर्च. आणि इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापून निकामी होऊ शकतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकचे पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. देवीच्या दर्शनाहून परतताना भरल्या गाडीत हा प्रयोग कोणीही करू नये. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

गाडी पेट्रोलची असेल तर

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे, की दहा टक्के मिश्रणाच्या हिशेबाने जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज यामुळे ६-७ टक्क्यांनी उतरू शकते. म्हणून मेकॅनिकच्या मागे लागण्याआधी हे ध्यानात घ्या. तीसच्या वर साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्याचे उसाचे पैसे या इथेनॉलशी जोडलेले आहेत, हेही खरेच.

ज्यावर पैसे घालवू नयेत

इंधनाच्या नळीला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, सॉकेटमध्ये बसवायचे "फ्युएल सेव्हर" यांपासून लांब राहा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर साधने तपासली, त्यांतली फारच थोडी किंचित उपयोगी निघाली. रुंद टायर दिसायला छान, पण ते जड असतात आणि जास्त घासतात. एअर फिल्टर आपल्या धुळीत वेळेआधी बदलावा लागतो. त्याने पिकअप सुधारतो, नव्या गाड्यांत अ‍ॅव्हरेजवर फरक थोडाच. ऑइल मात्र पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच टाका.

नवी घेणार असाल तर

वापर मुख्यतः पुणे, हैदराबाद आणि देवदर्शनाचा असेल तर डिझेल अजूनही बरे. बराचसा वापर गावातच होणार असेल तर डिझेल घेऊ नका, डीपीएफ डोके खाईल. तिथे इनोव्हा हायक्रॉससारखी हायब्रिड बघावी. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, म्हणून तिचा खरा फायदा गर्दीत दिसतो. कंपनीचा २३.२४ चा आकडा मोकळ्या रस्त्यावर शंभराच्या वेगाने मिळणार नाही. किंमतही जास्त. तेव्हा शोरूमला जाण्याआधी गेल्या वर्षीचे आपले किलोमीटर गावातले किती आणि बाहेरचे किती, हे घरच्यांबरोबर बसून मांडा.