वीस सेकंदांचा ताल, श्रेय मात्र दुसऱ्याला

रॉक आणि फंक संगीताच्या चाहत्यांचा अड्डा जमला, की क्लाइड स्टबलफील्ड यांचा किस्सा निघतोच. जेम्स ब्राऊन यांच्या वाद्यवृंदातील हे ड्रमवादक. 'फंकी ड्रमर' हे गाणे २० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झाले. त्यात एका क्षणी इतर वाद्ये थांबतात आणि सुमारे वीस सेकंद स्टबलफील्ड यांचा ड्रम तेवढा वाजत राहतो.

ध्वनीचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजविणारे 'सॅम्पलर' हे यंत्र १९८०च्या दशकात रुळले आणि हिप-हॉप कलावंतांनी हाच तुकडा उचलला. 'पब्लिक एनिमी'च्या १९८९ मधील 'फाइट द पॉवर'सह शेकडो गाण्यांत तो ऐकू येतो. मात्र, रचनाकार म्हणून नोंद होती ती ब्राऊन यांची. वादकाने जागेवर रचलेला ताल स्वतंत्र रचना मानला गेला नाही. साहजिकच, स्वामित्वधनात स्टबलफील्ड यांना वाटा नव्हता. २०१७ मध्ये वयाच्या ७३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मित्रांना हे गाणे ऐकविताना वादकाचेही नाव सांगणे, हीच त्या तालाची खरी दाद ठरेल.