‘लागली’ म्हणणारा गडी

एअरसॉफ्ट या नकली बंदुकांच्या खेळात गोळी लागल्याची खूण मागे राहत नाही. सहा मिलिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा मणी, वजन साधारण ०.२ ग्रॅम, सेकंदाला शंभरेक मीटर वेगाने येतो, जाकिटावर टप्कन आपटतो आणि गवतात दिसेनासा होतो. मारणारा वीस-तीस मीटरवर झाडाआड असतो. मार्शल म्हणजे पंच असतात, पण झुडपा-झुडपात पसरलेल्या तीस-चाळीस जणांकडे दोन-तीन माणसे किती बघणार? लागली की नाही हे नक्की ठाऊक असते एकालाच, ज्याला लागली त्याला. त्यानेच ओरडून सांगायचे, हात वर करायचा आणि खेळातून बाजूला व्हायचे.

हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. तिथे सामान्य माणसाला खरे पिस्तूल बाळगणे जवळपास अशक्य, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या पण प्लॅस्टिकचे मणी मारणाऱ्या बंदुका आल्या. १९९१ साली तोक्यो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक काढली आणि खेळ जगभर गेला. मण्याचे वजन आणि वेग यांचा हिशेब मांडला तर ऊर्जा भरते जेमतेम एक ज्यूल. २००६ मध्ये जपानने कायद्याने मर्यादा घातली, तीही ०.९८ ज्यूलची. एवढ्या ऊर्जेने कातडीवर नुसता लाल चट्टा उठतो, पण डोळा जाऊ शकतो. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात आणि मैदानात चष्मा काढायचा नाही हा नियम कुणासाठीही सैल करत नाहीत. घामाने काच धुकटली म्हणून ‘फक्त दोन सेकंद’ चष्मा वर करणारा गडी कितीही चांगला नेमबाज असला तरी त्याला घरी पाठवावे, असे माझे मत आहे.

पेंटबॉल हा याचा चुलतभाऊ. त्यात रंगाची गोळी फुटते आणि अंगावर डाग पडतो, त्यामुळे वादाला जागा कमी. त्याचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी झाला. जंगलात बारा जण उतरले होते. जिंकला तो जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नव्हती. गुपचूप फिरून त्याने सगळे झेंडे गोळा केले. बंदुकीच्या खेळात बंदूकच सगळे काही असते असे समजणाऱ्यांनी ही हकिगत लक्षात ठेवावी.

एअरसॉफ्टमध्ये डाग नाही, म्हणून माणसाची परीक्षा जास्त. बाद झालेला गडी खिशातले लाल फडके काढून डोक्यावर धरतो आणि ठरलेल्या जागेकडे चालू लागतो. वाटेत कुणाशी बोलायचे नाही. ‘त्या दगडामागे दोघं आहेत रे’ असे जाता जाता साथीदाराच्या कानात सांगणे म्हणजे मेल्यावर चुगली करणे. विश्रांतीच्या जागेत शिरण्यापूर्वी गोळ्यांची पेटी काढायची आणि नळीवर टोपण चढवायचे. हे सगळे सवयीने होते. अवघड असते ते पहिलेच पाऊल, तोंडातून शब्द काढणे.

अवघड का, ते नीट पाहायला हवे. न सांगणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. पाठीवर पिशवी, अंगावर जाड जाकीट, छातीत धडधड; पळता पळता फांदी घासली की मणी लागला हे कळतच नाही कधी कधी. खडकावर आपटून उडालेला मणी बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. बंदुकीला लागलेला कुठे धरतात, कुठे नाही. म्हणजे मनाला पळवाट काढायला जागा पुष्कळ. ‘फांदीच असेल’ हे मन फार लवकर ठरवते, विशेषतः झेंडा दहा पावलांवर असताना. मुरलेले खेळाडू यावर एक साधा तोडगा सांगतात: शंका आली की बाद. दिवसातून दोनदा उगाच बाहेर बसावे लागेल, बिघडले काय? पुढचा डाव वीस मिनिटांत सुरू होतोच.

याची दुसरी बाजू मारणाऱ्याची, आणि मला ती जास्त कठीण वाटते. आपण नेम धरला, मणी जाताना पाहिला, समोरच्याच्या खांद्यावर आपटलेला पाहिला. तरी तो पळतोच आहे. अशा वेळी ‘ए, लागलीये तुला, हो बाहेर!’ असे ओरडायचे नाही. दुसऱ्याला बाद ठरवण्याचा हक्क कुणालाच नाही. पुन्हा नेम धरायचा. तरीही तो हटला नाही तर डाव संपल्यावर मार्शलच्या कानावर घालायचे, तेही शांतपणे. एकाने आरडाओरडा सुरू केला की दुसरा बचावाला उभा राहतो, आणि मग खेळ बाजूलाच राहून भांडण जिंकण्याची शर्यत लागते.

मराठी पोराला यातले काहीच नवे नाही. लगोरी रचताना पाठीत चेंडू बसला की डाव गेला, आणि ‘लागला’, ‘नाही लागला’, ‘नुसता शर्टाला लागला’ हा वाद प्रत्येक आळीत झालेला आहे. तो पंचाने कधीच मिटवला नाही, कारण पंचच नव्हता. मिटवला तो एका जालीम शिक्षेने: रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नसे. मातीवरच्या कबड्डीतही चढाई करणाऱ्याचा हात निसटता लागला की पकडणारा गडी स्वतःच हात वर करून बाहेर जाताना दिसे. आता प्रो कबड्डीत रिव्ह्यू आहे, क्रिकेटमध्ये बॅटची कड ऐकणारे यंत्र आहे. त्यामुळे निवाडे बिनचूक झाले हे खरे. पण ‘विचारल्याशिवाय सांगायचे नाही’ ही वृत्तीही त्यांच्या मागोमाग शिरली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याच्या उलट वागण्याचे उदाहरणही क्रिकेटमध्येच आहे. मुंबईत चर्चगेट स्थानकालगतच वानखेडे स्टेडियम आहे. तिथे फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी झाली. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. अशा वेळी यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. टेलरचा चेहराच सांगत होता की चेंडू बॅटला लागलेला नाही. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने अपील मागे घेतले आणि त्याला परत बोलावले. मग टेलर आणि इयान बॉथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली, बॉथमने शतक ठोकले, सामन्यात तेरा बळीही घेतले आणि भारत दहा गड्यांनी हरला. त्या निर्णयाने सामना गेला असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांचे चूक नाही; हिशेब तसाच आहे. खिलाडूवृत्तीची किंमत मोजावी लागते, आणि कधी कधी ती अख्ख्या सामन्याएवढी असते. गोल्फपटू बॉबी जोन्सनेही ती मोजली. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये आपला चेंडू किंचित हलला हे दुसऱ्या कुणी पाहिले नसताना त्याने स्वतःवर दंडाचा फटका लावून घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत तो हरला.

एअरसॉफ्टमधला आणखी एक संकेत मला आवडतो. दोन-तीन पावलांवर बेसावध गडी सापडला तर त्याच्यावर मणी झाडायचा नाही, कारण एवढ्या जवळून तो फार लागतो. नुसते ‘शरण ये’ म्हणायचे, आणि समोरच्याने मुकाट्याने मान्य करायचे. शरण आलेल्याचा मान राखण्याचा हा संकेत खऱ्या लढाईतही पाळला गेला आहे. भाईंदरजवळच्या उत्तनच्या टोकाला चौक गावी धारावीचा किल्ला आहे, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत झगडून घेतलेला. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, नगारे वाजवत, बायकामुलांना घेऊन बाहेर पडू दिले होते. हजारो माणसे गमावलेल्या सैन्याने ही अट पाळली. खेळात तर कुणी मेलेलेही नसते.

आता खेळायचे कुठे, हा प्रश्न. त्यासाठी त्याच भागातल्या पालीचे उदाहरण घेऊ. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून रस्ता उत्तनकडे वळतो. उत्तनला लागूनच पाली, समुद्राला टेकलेले कोळी आणि ख्रिस्ती वस्तीचे गाव. महापालिका झाली, आसपास इमारती उठल्या, तरी होड्या आहेत, बांबूंवर टांगलेले बोंबील आहेत. मोकळा किनारा आणि मागे टेकडी पाहून शहरातल्या एखाद्या गटाला इथे खेळावेसे वाटले तर नवल नाही. त्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे: किनाऱ्यावर नको. २००८ मध्ये ‘कुबेर’ नावाची मासेमारी होडी पळवून दहशतवादी मुंबईत आले, तेव्हा कफ परेडला किनाऱ्यावर उतरताना त्यांना ‘कोण तुम्ही?’ असे हटकणारे पहिले लोक कोळीच होते. त्यानंतर अनोळखी होडी आणि अनोळखी माणूस यांवर नजर ठेवण्याची जबाबदारी किनाऱ्यावरच्या गावांनीही उचलली. अशा गावातून पाच तरुण लष्करी कपड्यांत, हुबेहूब रायफली खांद्याला लावून चालत गेले, तर पुढे काय होईल याची जबाबदारी त्यांचीच. शिवाय दिवसभरात हजारो प्लॅस्टिकचे मणी वाळूत पडणार. जिथे कुणाचा जवळा वाळत पसरलेला असतो तिथे ते मिसळले तर बाजारात बसलेली मावशी ते निवडत बसेल का?

खेळाडूचा चांगुलपणा समोरच्या संघापुरता नसतो. खेळात नसलेल्यांचा विचार त्यात आधी येतो. म्हणून जागा खासगी आणि चारी बाजूंनी बंद असावी, मालकाची परवानगी लेखी असावी, बंदूक प्रवासात पिशवीबाहेर निघू नये आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवलेले असावे. खऱ्या शस्त्रासारखी दिसणारी वस्तू विकत घेण्यापूर्वीच तिथे जाऊन विचारणे उत्तम. ऑनलाइन दुकानदार ‘चालतं हो, खेळणंच आहे’ म्हणतो, पण चौकशीला तो येत नाही.

गट जमवायचा असेल तर पहिल्या रविवारी बंदुका घरीच ठेवा. एक टेनिसचा चेंडू आणि सात लगोऱ्या घेऊन मैदानावर या, दोन तास खेळा, आणि पाठीत चेंडू बसल्यावर कुणी न विचारता कोण कोण बाहेर जाते ते पाहा. ती नावे लिहून घ्या आणि त्यांनाच पुढच्या रविवारी बोलवा.